दुकान दसऱ्याला, हिशेब मार्चला

दसरा जवळ आला की पुंडलिकनगरच्या रस्त्यावर दोन-चार नव्या पाट्या हमखास लागतात. गारखेड्याच्या बाजूनं आत वळलं, की एका गाळ्यात मोबाइल कव्हरांची भिंत उभी राहिलेली असते, दुसऱ्यात ब्युटी पार्लरचे आरसे बसवणं चाललेलं असतं, तिसऱ्यात कुणी खानावळीची भांडी मांडत असतं. वाळूजच्या नाहीतर चिकलठाण्याच्या कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेला एखादा कामगार, किंवा त्याच्याच घरातली एखादी ताई, शिलकीतले पैसे काढून गाळा भाड्यानं घेते, झेंडूचं तोरण बांधते आणि धंदा सुरू होतो. पुढं दिवाळी पाडव्याला वहीपूजन झालं की व्यापाऱ्याचं नवं वर्ष लागलं, असं आपण धरून चालतो.

एकेकाळी कायदाही तसंच धरून चालायचा. हिशेबाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी ठेवायचं की आणखी कुठलं, हे व्यापाऱ्यानं स्वतः ठरवावं अशी आयकर कायद्यात मुभा होती. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून ती गेली आणि सगळ्या देशाची वही ३१ मार्चला मिटू लागली. त्यामुळे दसऱ्याला उघडलेल्या दुकानाचं पहिलं ‘वर्ष’ जेमतेम साडेपाच महिन्यांचं भरतं. मालक अजून कायमची गिऱ्हाइकं कोण आणि उधारीवाली कोण एवढंच शिकत असतो, तोवर सरकारच्या लेखी त्याचं एक वर्ष उलटूनही गेलेलं असतं.

एकट्या मालकाच्या धंद्याला, म्हणजे प्रोप्रायटरशिपला, जन्मदाखला नसतो. कंपनी किंवा एलएलपी नोंदवावी लागते. हा धंदा मात्र शटर वर केलं की जन्माला येतो. पाटीवर ‘श्री गणेश ट्रेडर्स’ लिहा की आणखी काही, कायद्याच्या नजरेत त्या नावाला वेगळं अस्तित्व नाही. मालकाचा पॅन तोच दुकानाचा पॅन, मालकाचं कर्ज तेच दुकानाचं कर्ज. कंपनीतला पगार आणि दुकानाचा नफा एकाच माणसाच्या नावावर येत असेल, तर दोन्हींची बेरीज होऊन एकाच विवरणपत्रात जाते. ‘दुकान मिसेसच्या नावावर आहे’ हा आपल्याकडचा आवडता उपाय. पण पैसा नवऱ्यानं घातलेला असेल, तर आयकर कायदा त्या प्रमाणातला नफा नवऱ्याच्या उत्पन्नात धरू शकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ताईच खरोखर धंदा चालवत असेल, तर तिच्या भांडवलाची सोय तिच्या नावानं कर्ज काढून करणं जास्त सरळ.

‘टॅक्स भरायचा’ असं आपण एका शब्दात म्हणतो, पण नव्या दुकानदाराला गाठ घालावी लागते तीन खात्यांशी. आयकर दिल्लीचा, व्यवसाय कर मुंबईचा, आणि जीएसटी दोघांच्या भागीदारीतला. तिघांची घड्याळं वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात. व्यवसाय कराचं घड्याळ शटर उघडल्याच्या दिवशी, जीएसटीचं उलाढाल ठराविक आकड्याला टेकली त्या दिवशी, आणि आयकराचं प्रत्येक १ एप्रिलला. माझ्या पाहण्यात छोट्या दुकानदारांना करापेक्षा या घड्याळांचा जास्त फटका बसतो. भरायचा कर बहुतेकदा शून्य असतो किंवा मामुली असतो; पण ‘माझा कर शून्य आहे’ हे ठरलेल्या तारखेला कळवलं नाही, तर त्या गप्प बसण्याचे पैसे पडतात.

आधी जे कर नव्हेत ते बाजूला काढू. शॉप ॲक्ट हा कर नाही. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला परवाना घेण्याच्या फेऱ्यातून सोडवलं. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते, तीच बँकेत चालते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. ती आधारवर होते आणि फुकट होते. तिचे हजार-दीड हजार मागणारे महाभाग शहरात आहेत, त्यांना नमस्कार करून पुढं व्हावं. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. यातलं काहीही केलं म्हणून कर लागत नाही आणि केलं नाही म्हणून कर टळत नाही.

व्यवसाय कराबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याची मुळं मराठवाड्याच्या मातीत आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या माणसांच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. पुंडलिकनगरसारख्या वस्त्यांत जी कुटुंबं खेड्यांतून येऊन राहिली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या आजी-आजोबांनी ती कामं केलेली असतील. त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागचा विचार वि. स. पागे यांचा. योजनेला पैसा हवा होता, आणि तो शहरातल्या कमावत्या माणसाकडून थोडा थोडा घ्यावा, असं ठरलं. १९७५ चा महाराष्ट्र व्यवसाय कर कायदा त्यासाठीच आला. नोकरदाराच्या पगारपत्रकातले दरमहा २०० आणि फेब्रुवारीतले ३०० रुपये ते हेच. दुकानदाराला तोच कर वर्षातून एकदा, बहुतेक धंद्यांना २,५०० रुपये असा भरावा लागतो. यापेक्षा जास्त घेताच येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ नं कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली आणि तेव्हापासून जागची हललेली नाही. महागाईनं इतका स्वस्त करून टाकलेला दुसरा कर शोधून सापडणार नाही.

स्वस्त आहे म्हणूनच तो विसरला जातो. धंदा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत महाजीएसटीच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करायची. तिला पीटीईसी म्हणतात. वर्षाच्या मध्येच नोंदणी झाली, तर पहिला कर नोंदणीपासून महिनाभरात, आणि त्यानंतर दरवर्षी ३० जूनपर्यंत. नोंदणीला उशीर झाला तर दंड दिवसाला दोन रुपये! हा आकडा वाचून हसू येतं खरं, पण थकलेल्या वर्षांचा कर आणि त्यावर महिन्याला सव्वा टक्क्यापासून चढत जाणारं व्याज एकदम समोर आलं की हसू मावळतं. हे बहुधा केव्हा होतं, तर दुकानदार चार वर्षांनी जीएसटी नंबर घ्यायला जातो आणि जुनी तारीख उघडी पडते तेव्हा. वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्यांना हा कर माफ आहे. दुकानात पगारी माणूस ठेवला आणि त्याचा पगार कराच्या टप्प्यात आला, की त्याच्या पगारातून कर कापून भरण्यासाठी पीटीआरसी नावाचा दुसरा नंबर लागतो. पुरुषाला ही रेषा महिना ७,५०० रुपयांवर आहे, स्त्रीला एप्रिल २०२३ पासून २५,००० वर. एक-दोन माणसांच्या दुकानाला याचं रिटर्न वर्षातून एकदा, मार्चअखेरपर्यंत भरावं लागतं.

आता जीएसटी. ‘चाळीस लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही’ हे वाक्य पुंडलिकनगरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच माणसं अडकतात.

चाळीस लाखांची सवलत १ एप्रिल २०१९ पासून आहे. पण ती फक्त आणि फक्त वस्तू विकणाऱ्यांना. किराणा, कापड, हार्डवेअर, स्टेशनरी. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात मर्यादा वीस लाखांचीच. पार्लर ही सेवा, शिवणकाम सेवा, क्लासेस सेवा, वाळूजच्या कंपनीचं जॉबवर्क सेवा. खानावळही सेवाच! भाजी-भाकरी ही वस्तू असली, तरी शिजवून ताटात वाढली की कायदा तिला सेवा धरतो. दिवसाला सत्तर डबे, डबा ८० रुपयांचा धरला, तर महिन्याला १,६८,००० आणि वर्षाला २० लाखांच्या थोडं पुढं. म्हणजे मुलांच्या होस्टेलला डबे पुरवणारी एखादी ताई, नफा फारसा सुटत नसतानाही, जीएसटीच्या उंबरठ्यावर केव्हा येऊन पोहोचली हे तिला कळतही नाही.

आणखी नाजूक प्रकरण मिश्र दुकानांचं. मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणारा दुकानदार चाळीस लाखांत बसतो. त्यानंच कोपऱ्यात टेबल टाकून स्क्रीन बदलून द्यायला सुरुवात केली, की तो ‘फक्त वस्तू’वाला राहत नाही आणि त्याची मर्यादा वीस लाखांवर येते. झेरॉक्स आणि स्टेशनरी एकत्र असलेल्या दुकानाचंही तेच.

उलाढाल मोजतानाही एक खाच आहे. करमुक्त मालही त्यात धरायचा असतो. किराणा दुकानदार म्हणतो, ‘दूध आणि सुटा तांदूळ यांवर कुठं जीएसटी आहे?’ नाही, बरोबर. पण त्याच दुकानात साबण आणि बिस्किटंही असतात, त्यामुळे मर्यादा मोजताना दूध-तांदळाचे रुपयेही बेरजेत येतात. सगळाच माल करमुक्त असलेल्या भाजीवाल्याला मात्र कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी नको. मोजणी पॅनवर होते, दुकानावर नाही. एकाच माणसाचा एक गाळा पुंडलिकनगरात आणि दुसरा जवाहर कॉलनीत असला तरी बेरीज एकच. आणि ही मोजणी १ एप्रिलला शून्यावर येते, दसऱ्याला येत नाही. ऑक्टोबरात उघडलेल्या दुकानाला पहिल्या मार्चपर्यंत पूर्ण वीस किंवा चाळीस लाखांची मोकळीक मिळते, महिन्यांच्या प्रमाणात ती घटत नाही.

काही वाटांवर ही मर्यादाच लागू नाही. समजा, घरगुती काळा मसाला आणि लोणचं इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या ताईला हैदराबादची ऑर्डर आली. माल राज्याबाहेर गेला की पहिल्या पाकिटापासून जीएसटी नोंदणी सक्तीची, मग वर्षाची विक्री दोन लाख का असेना. नांदेडला, पुण्याला, मुंबईला कितीही पाठवा. सीमेपलीकडे नोंदणीशिवाय नाही. सेवेला ही आडकाठी नाही. पुंडलिकनगरात बसून बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला लोगो काढून देणाऱ्या मुलाला वीस लाखांपर्यंत काही करावं लागत नाही. हा भेद मला स्वतःला कधीच नीट पटलेला नाही. लोणच्याच्या बरणीनं असं काय पाप केलं आहे? पण नियम असा आहे.

मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज. नोंदणीला सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, गाळ्याचं वीजबिल आणि भाडेकरार किंवा मालकाचं संमतीपत्र एवढं हाताशी लागतं. मर्यादेच्या आत असताना हौसेनं नंबर घ्यावा का? वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कंपनीला माल-काम पुरवत असाल तर घ्यावाच लागेल, कारण कंपनीला आपल्या बिलावरच्या कराची वजावट हवी असते आणि बिननंबरी माणसाला ती दारात उभं करत नाही. गिऱ्हाईक गल्लीतलंच असेल, तर नंबराची घाई करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. नंबर आला की रिटर्न आलं, विक्री होवो न होवो.

नंबर घेतल्यावर दोन रस्ते फुटतात. साध्या पद्धतीत गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, खरेदीवर दिलेला कर त्यातून वजा करायचा, उरलेला भरायचा. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर तिमाही रिटर्नची सोय आहे: विक्रीचा तपशील तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत, पैसे मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचे त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनानं भरायचे. तिमाही पर्याय न घेतलेल्यांना दरमहा ११ आणि २० तारीख.

दुसरा रस्ता कंपोझिशनचा, दीड कोटींच्या आतल्यांसाठी. व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर एक टक्का, बस. समजा, किराण्याची विक्री वर्षाला ६० लाख आणि त्यातला १५ लाखांचा माल करमुक्त. तर ४५ लाखांवर ४५,००० रुपये. पण हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, खिशातून जातो, आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. राज्याबाहेर विकता येत नाही. कर भरायचा तिमाहीला, १८ जुलै, १८ ऑक्टोबर, १८ जानेवारी आणि १८ एप्रिलपर्यंत. वार्षिक रिटर्न ३० जूनपर्यंत. पुढच्या वर्षापासून या योजनेत यायचं तर ३१ मार्चच्या आत कळवायचं.

किराण्याला हा रस्ता बरा. खानावळीला मात्र विचार करूनच घ्यावा. कंपोझिशनमध्ये तिला पाच टक्के. साध्या पद्धतीतही, वजावट न घेता, पाचच टक्के. फरक इतकाच, की साध्या पद्धतीत ते पाच टक्के बिलावर लावून गिऱ्हाइकाकडून घेता येतात. म्हणजे कंपोझिशनमधली खानावळ कागदांचा त्रास वाचवण्यासाठी २४ लाखांच्या विक्रीवर १,२०,००० रुपये पदरचे घालते. झोमॅटो-स्विगीवरून जाणाऱ्या जेवणाचा कर १ जानेवारी २०२२ पासून त्या कंपन्याच भरतात, तो भाग या हिशेबातून सुटतो.

गाळ्याच्या भाड्यातला काटा तर फारच थोड्यांना माहीत असतो. गाळामालक बहुधा शेजारच्याच बंगल्यातले काका असतात; त्यांना जीएसटी नंबर नसतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहे, की बिननंबरी मालकाचा व्यापारी गाळा नंबरवाल्या दुकानदारानं भाड्यानं घेतला, तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी दुकानदारानंच सरकारला भरायचा. महिना १५,००० भाडं म्हणजे २,७०० रुपये कर. साध्या पद्धतीतला व्यापारी त्याची वजावट घेऊ शकतो, पण आधी रोख भरून. कंपोझिशनवाल्यांना २०२५ च्या जानेवारीत यातून सूट मिळाली. नंबर घेण्याचा निर्णय करताना हा खर्च कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितला.

शून्य विक्रीच्या महिन्याचं निल रिटर्न चुकलं, तर दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००. कर असलेल्या रिटर्नला दिवसाला ५०, आणि दीड कोटींच्या आतल्यांना कमाल २,०००. थकलेल्या करावर १८ टक्के व्याज वेगळंच. निल रिटर्न तर १४४०९ या क्रमांकावर मोबाइलवरून एसएमएस पाठवूनही भरता येतं, ही सोय २०२० पासून आहे. सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही, तर नंबर रद्द होण्याची वेळ येऊ शकते.

२०२५ च्या जुलैत कर्नाटकात जे झालं, त्यानं इकडचेही दुकानदार धास्तावले. तिथल्या व्यापारी कर खात्यानं यूपीआयच्या नोंदी पाहून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला २९ लाखांची मागणी आली, का, तर त्याच्या खात्यात चार वर्षांत १ कोटी ६३ लाख रुपये जमा झाले होते. ताजी भाजी मुळात करमुक्त! बंगळुरूत दुकानदारांनी क्यूआर कोड खरवडून काढले आणि ‘फक्त रोख’चे कागद चिकटवले. ओरड झाल्यावर सरकारनं माघार घेतली. पण घाबरून क्यूआर काढणं हा उपाय चुकीचाच. मर्यादा उलाढालीची आहे, रोखीची विक्रीही तितकीच मोजली जाते. आणि घरच्या बचत खात्यालाच दुकानाचा क्यूआर जोडलेला असला, की भाच्यानं परत केलेले उसने पैसे, बिशीची रक्कम आणि दुकानाची विक्री यांची खिचडी होते. उद्या नोटीस आली तर यातलं विक्रीचं कोणतं नि घरचं कोणतं, हे दुकानदारालाच निवडून दाखवावं लागतं. पहिल्याच आठवड्यात दुकानाचं वेगळं खातं उघडणं, हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला.

यूपीआयचा आयकरात तर उलट फायदाच आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला वह्या ठेवण्याचा त्रास नको, म्हणून अंदाजित नफ्याची योजना आहे. जुन्या कायद्यात तिला ४४एडी म्हणत. लोक अजूनही तेच म्हणतात, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ती कलम ५८ मध्ये आली आहे. रोख विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरायचा. समजा, विक्री ३० लाख, त्यातली २० लाख यूपीआयनं. त्यावर १,२०,००० आणि उरलेल्या १० लाखांवर ८०,०००. एकूण नफा २ लाख. रोखीची विक्री पाच टक्क्यांच्या आत असेल तर ही योजना तीन कोटींपर्यंत चालते.

इथं एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ६ आणि ८ टक्के हा किमान नफा आहे, ठरलेला नफा नव्हे. पार्लरमध्ये ३० लाखांच्या कामावर १० लाख सुटले असतील, तर १० लाखच दाखवायचे. खरा नफा जास्त असताना किमान आकडा लिहून मोकळं होणाऱ्यांना पुढं बँकच प्रश्न विचारते: दोन लाखांत घर चालवता, मग १२,००० चा हप्ता कसा भरणार? कमिशनवर चालणाऱ्या धंद्याला ही योजना नाही. आणि योजनेत शिरून मध्येच बाहेर पडलं, तर पाच वर्षं परत येता येत नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांची योजना वेगळी, तिच्यात निम्मी जमा नफा म्हणून धरतात.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हेही असंच अर्धं ऐकलेलं वाक्य. ते बारा लाख नफ्याचे, विक्रीचे नव्हेत. नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या चारांवर ५ टक्के, त्यापुढच्या चारांवर १० टक्के. १२ लाखांपर्यंत होणारा हा ६०,००० चा कर सवलत म्हणून सोडून दिला जातो. पण ही सवलत विवरणपत्रातच मागायची असते. म्हणून उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की कर शून्य असूनही विवरणपत्र भरणं भागच. विक्री ६० लाखांच्या वर गेली, किंवा वर्षाचं वीजबिल लाखाच्या वर गेलं, तर उत्पन्न कमी असूनही सक्ती. आणि सक्ती नसलेल्यानंही पहिल्या वर्षापासून भरावं असं मी म्हणेन. मुद्रा कर्जाच्या मोठ्या रकमेला बँक मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. गेल्या वर्षांची विवरणपत्रं मागाहून उभी करता येत नाहीत.

तारखेबाबत यंदा थोडा बदल आहे. ३१ जुलै ही आपल्या अंगवळणी पडलेली तारीख. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात ऑडिट नसलेल्या व्यावसायिकांना ३१ ऑगस्टपर्यंत वेळ देण्याचा प्रस्ताव आला. उशिराला ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. नव्या कायद्यानं ‘करनिर्धारण वर्ष’ हा जुना घोळ काढून सरळ ‘करवर्ष’ आणलं आहे, पण मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली जाणार, तिथं करनिर्धारण वर्ष २०२६-२७ असंच निवडायचं.

नफा चांगला असलेल्यांनी मार्चची १५ तारीख विसरू नये. वर्षाचा आयकर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. पगारदाराचा परस्पर कापला जातो म्हणून हे त्याच्या गावीही नसतं. कंपनी सोडून दुकान टाकलेला माणूस इथंच चुकतो. अंदाजित नफ्याच्या योजनेत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम चालतो; इतरांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च असे चार हप्ते. समजा, नफा १४ लाख आहे. कर ९०,००० आणि त्यावर उपकर धरून ९३,६००. तो मार्चऐवजी थेट जुलैत विवरणपत्रासोबत भरला, तर प्रत्येक महिन्याला एक टक्का व्याज चढलेलं असतं. नव्या दुकानदाराला भाड्यावर किंवा ठेकेदाराच्या बिलावर टीडीएस कापण्याची भानगड सहसा नसते. आधीच्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या पुढं जाईपर्यंत तिकडं वळायला नको.

ही सगळी कामं कन्सल्टंटकडे देणं गैर नाही. पण नोंदणी करताना मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच द्यावा, पासवर्ड आपल्याकडे असावा. नोटिसा आता पोस्टमन आणत नाही, त्या पोर्टलवर पडतात. कन्सल्टंटचाच ईमेल टाकलेला असला आणि त्याच्याशी बिनसलं किंवा त्यानं गाव बदललं, तर आपल्याच नंबराची किल्ली शोधत फिरावं लागतं.

आणि धंदा चालला नाही तर? पहिल्या-दुसऱ्या वर्षात गाळा रिकामा करणारे कमी नसतात. मालक पाटी उतरवतो, आरसे विकतो, कंपनीत परत लागतो. जीएसटी नंबर तसाच राहतो आणि प्रत्येक तिमाहीला लेट फी जमत जाते. नंबर रद्द करण्याचा अर्ज करायचा, उरलेल्या मालावरचा कर चुकता करायचा, आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० नावाचं अखेरचं रिटर्न भरायचं. कंपोझिशनवाल्यांना मात्र ते भरावं लागत नाही. पीटीईसी बंद करण्याचा अर्ज वेगळा, नाहीतर ३० जूनचे २,५०० दरवर्षी नावावर चढत राहतात. त्या वर्षात जेवढे महिने दुकान चाललं, त्यांचा नफा पगारासोबत पुढच्या विवरणपत्रात दाखवावा लागतोच.